ड्रमवाला पुढे, गाणारा मागे

क्लीथॉर्प्स, ३ जून २०१९

प्रिय अल्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र थेट शेकोटीत टाकलं नसशील, तर आधी आभार मानतो. पत्ता ग्लिनिसकडून मिळाला. म्हणजे तिनं दिला नाही. तिच्याकडे फळीवर तुझं नाताळचं कार्ड पाकिटासकट उभं होतं, ती चहा करायला आत गेली तेवढ्यात मी पत्ता उतरवून घेतला. जून महिन्यात नाताळचं कार्ड कशाला ठेवलंयस, असं काही मी तिला विचारलं नाही. एवढी वर्षं बायकांची बाळंतपणं करून तिचा आवाज असा झालाय, की माणूस तोंड उघडायच्या आधीच तिची माफी मागतो. निम्मं क्लीथॉर्प्स तिच्या हातात जन्मलंय आणि ती त्यांना ते विसरू देत नाही.

मी बरा आहे. गुडघा बरा नाही. अजून लोकांना गाडी शिकवतो. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि रेडिओवर काही बरं लागलं की माझा पाय त्याच्यावर ठेका धरतो. मिसेस टेझल चौदा महिने माझ्याकडे शिकतायत आणि त्यांची अजून अशी समजूत आहे की गाडी उचक्या देतच चालते.

तर मुद्दा असा. येत्या २४ ऑगस्टला आपण ‘समुद्र बाहेर गेलाय’ हे गाणं घेऊन टीव्हीवर दिसलो त्याला तीस वर्षं होतील. नगरपालिका धक्क्यावरच्या हॉलात कार्यक्रम करतेय. हो, तीच नगरपालिका. तळ्यातल्या राजहंसाच्या होड्यांवरून आपण बँडचं नाव ‘म्युनिसिपल स्वॉन्स’ ठेवलं, तेव्हा जिनं आपल्या तिघांना वकिलाची नोटीस धाडली होती तीच. आता त्यांच्या पत्रकावर आपण ‘शहराचे लाडके राजहंस’ आहोत.

तू यावंस असं मला वाटतं. ग्लिनिस तिची बेस गिटार बाहेर काढायला तयार आहे. तिघंही असलो तर बरं दिसेल. ब्रिडलिंग्टनला जे झालं ते आता जुनं झालं, त्यात सगळ्यांचीच थोडी थोडी चूक होती. माझी बहुधा कमी, पण मी मोजत बसत नाही.

समुद्राकाठी एक बाकही बसवणार आहेत. त्याबद्दल नंतर कधीतरी.

तुझा जुना मित्र,
रॉय पिंचबेक

ता. क. : अजून गातोस का रे? सहज विचारलं.


क्लीथॉर्प्स, २१ जून २०१९

प्रिय अल्विन,

तुझं कार्ड पोचलं. ‘नाही.’ एवढंच लिहिलंयस, पुढे टिंब मात्र अगदी ठसठशीत दिलंयस. अठ्ठावीस वर्षांनी तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द. कार्ड उघडं असल्यामुळे पोस्टमननंही वाचला. दारात उभं राहून मला म्हणाला, “लग्नाचं विचारलं होतंत का कुणाला?” मी म्हटलं, तसंच काहीसं.

आता खरं सांगतो. मागच्या पत्रात निम्मंच सांगितलं होतं.

त्या बाकावर पितळेची पट्टी असणार आहे आणि तीवर ‘या गावाचा आवाज : रॉय पिंचबेक’ असं असणार आहे. बाकावर नाव यायला इथे आधी मरावं लागतं, माझ्यासाठी त्यांनी नियम वाकवलाय. हे सगळं काउन्सिलर मॉअरबाईंच्या डोक्यातलं. मी नको म्हटलं. अल्विन, मी खरंच नको म्हटलं, दोनदा. पण पट्टी आधीच कोरून झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण बाईंना त्या दिवशी गाणं प्रत्यक्ष हवंय. म्हणाल्या, “टेप नको हं रॉय. तुमच्या तोंडून. तुमचा आवाज ऐकत ऐकत मी माझ्या ह्यांना होकार दिला होता.” मी नेहमीसारखा गळ्याच्या मफलरला हात लावला. ब्रिडलिंग्टनपासून मी बारा महिने मफलर घालतो, जुलैतसुद्धा, आणि कुणी गा म्हटलं की घशाच्या डॉक्टरांनी मनाई केलीय असं सांगतो. जत्रांची उद्घाटनं केली, भोपळ्यांच्या स्पर्धेत परीक्षक झालो, पण एक ओळ म्हणून गायलो नाही. पण बाईंचा दीरच घशाचा डॉक्टर निघाला. त्यानं माझ्या तोंडात दिवा घातला, दहा मिनिटं आत बघितलं आणि म्हणाला, इतका ठणठणीत घसा त्यानं या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

म्हणून एक तोड काढलीय. नीट ऐक, लगेच कार्ड काढू नकोस. हॉलच्या मंचाला मागे जाड पडदा आहे. तू पडद्यामागे बसायचंस. बरी खुर्ची देईन, चहा देईन, हवं तर गरम पाण्याची पिशवी देईन. तू गायचंस, मी पुढे तोंड हलवेन. आपल्याला सवय आहे. एकच गाणं, चार मिनिटं. तीस वर्षं कुणाला कळलंय का काही?

तुझ्या बेटावरून यायचं बोटीचं तिकीट मी काढतो.

तुझा,
रॉय


क्लीथॉर्प्स, ९ जुलै २०१९

अल्विन,

सील प्राण्याचं चित्र असलेलं तुझं कार्ड मिळालं. उलटून पाहिलं, मागे काहीच नाही. नुसतं तिकीट चिकटवून कोरं कार्ड पाठवायला माणसाला किती राग यावा लागतो! सील माझ्याकडे बघतोय तोही तसाच.

बरं. नाही येणार तर नको येऊस. मी स्वतः शिकतोय. सेंट पीटर चर्चच्या गायकवृंदाच्या मिस लीक आहेत, त्यांच्याकडे मंगळवारी दुपारी जातो. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीवर सूर दिला, मी दोन ओळी म्हटल्या. त्यांनी झाकण लावलं.

“मिस्टर पिंचबेक,” त्या म्हणाल्या, “त्या रेकॉर्डवर गायलेले तुम्हीच ना?”

“त्या दिवशी जरा सर्दी होती मला,” मी म्हटलं.

“सर्दीनं आवाज बसतो. सुधारत नाही.”

तरी त्या मला शिकवतायत. म्हणतात की देवाच्या दारी प्रयत्नांनाही किंमत आहे.

पण तू जो राग धरून बसलायस ना, त्याबद्दल आता बोलतोच. टीव्हीवर जागा बदलायची कल्पना एकट्या माझी नव्हती. गुरुवारच्या त्या कार्यक्रमात सगळ्यांना रेकॉर्ड लावून खोटंच गायला लावायचे, आणि आपल्यासारख्या मंडळींत रीतच पडली होती की खोटं करायचंच तर उघड उघड करू. कुणी गिटार उलटी धरायचं, कुणी ट्रंपेटच्या जागी केळं. आपण म्हटलं, जागा बदलू. मी पुढे माईकवर, तू मागे ड्रमवर. ग्लिनिस म्हणाली, माझा बेस मी कुणाला देणार नाही, म्हणून ती तिथेच राहिली. मेकअपच्या खोलीत आपण तिघं हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होतो.

चूक एवढीच झाली की नावाजलेल्या बँडनं जागा बदलल्या तर लोक हसतात. आपल्याला ओळखत कोण होतं? विक्रीच्या यादीत चौतिसाव्या नंबरवरचं गाणं, तीन कधी न पाहिलेली थोबाडं. लोकांनी पाहिलं की पुढे उभा असलेला उंच माणूस गातोय. झालं. पुढच्या आठवड्यात गाणं एकोणिसाव्या नंबरवर आणि दुकानात बायका मला थांबवून विचारायला लागल्या, समुद्र परत कधी येणार म्हणून.

मग रेकॉर्ड कंपनीनंच हट्ट धरला की हेच ठेवा, यात माझा काय दोष? आणि तुला तरी पुढे यायची कुठे हौस होती? मी कंपनीतल्या त्या बाईलाही तेच सांगितलं, की अल्विन लाजाळू आहे, त्याला मागेच बरं वाटतं. दोन वर्षं सगळ्या इंग्लंडभर तसं निभावलं की आपण. तू ड्रमवर बसून गायचास आणि भिंतीत खिळे ठोकल्यासारखे ड्रम वाजवायचास, मी पुढे गिटारवर तीन सूर खाजवून तोंड हलवायचो. मी एका शब्दानं तुझ्या ड्रमबद्दल तक्रार केली का?

ब्रिडलिंग्टनला दुसऱ्या कडव्यात मी बिस्किट खाल्लं, हे मान्य. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तोंड हलवायचंच होतं, तर त्यात बिस्किट असलं म्हणून काय बिघडलं, असं मला वाटलं. पण तू काठ्या खाली ठेवल्यास आणि उठून चालता झालास. आवाज बंद आणि माझं तोंड चालूच, आठशे माणसांसमोर. पेपरात ‘माईक बिघडला’ असं आलं म्हणून वाचलो. तू मात्र तिथून जो स्टेशनवर गेलास तो थेट नकाशाच्या वरच्या टोकाला.

हे सगळं एकदा बोलायचं होतं. बोललो.

रॉय


क्लीथॉर्प्स, २ ऑगस्ट २०१९

अल्विन,

‘कोणत्या बाईला?’

तुझ्या कार्डावर एवढे दोनच शब्द. आधी मला कळेना तू काय विचारतोयस. मग मी काय लिहिलं होतं ते आठवत गेलो, आणि आठवल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. मिसेस टेझल बाहेर हॉर्न वाजवत होत्या. वाजवू दिला.

त्या बाईचं नाव ऑड्री. लंडनला कंपनीच्या कचेरीत होती. टीव्हीवर दिसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिचा फोन आईच्या घरी आला. तिनं सरळ विचारलं, “पेपरवाल्यांना नावं द्यायचीत. गाणारा कोण, पुढचा की मागचा? आमच्या साहेबांना वाटतंय तुम्ही लोकांनी काहीतरी गंमत केलीय.”

तिला संशय आला होता रे. मला फक्त ‘हो, गंमतच ती, गाणारा मागे बसलेला’ एवढं म्हणायचं होतं. एका दमात होण्यासारखं होतं.

आई माझ्या मागे उभी होती. शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी आईनं अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसवून दाखवलं होतं, बघा, माझा रॉय गातोय. ड्रमवाल्याचं कसं असतं ते तुला नंतर कळलंच, फोटोत त्याच्या तोंडासमोर कायम झांज येते. तोवर आईजवळ माझा असा एक फोटो नव्हता ज्यात नाक आणि डोळे दोन्ही दिसतायत.

मी ऑड्रीला म्हणालो, “गाणारा पुढचा. मी.” ती म्हणाली, “मग त्या रेकॉर्डवर अल्विन डाउस असं का छापलंय?” मी म्हणालो, “गाणी तो लिहितो. लाजाळू आहे, त्याला मागेच बरं वाटतं.” ती म्हणाली बरं, आणि फोन ठेवला. दीड मिनिट लागलं असेल.

आणि दुपारी तुझ्याकडे येऊन मी सांगितलं की कंपनीचा हट्ट आहे, आपल्या हातात काही नाही. कंपनीनं कसलाही हट्ट धरला नव्हता. पुढे कोण उभा राहतो याची त्यांना काडीची पर्वा नव्हती. मला पुढे उभं राहायला आवडलं, एवढंच होतं ते. तू दोन वर्षं मागे बसून हात सोलून घेतलेस ते माझ्या एका फोनमुळे, आणि तुला वाटत राहिलं की आवाज बरा असला तरी तुझं तोंड लोकांसमोर आणण्यासारखं नाही. हे तू ग्लिनिसला एकदा बोलला होतास. तिनं मला ते आज सांगितलं.

हो, तिला मी हे सगळं आज सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कप विसळला, आणि म्हणाली, “रॉय, अल्विन गप्प राहिला म्हणून मीही गप्प राहिले. मला वाटायचं तू मूर्ख आहेस. तू लबाड आहेस. मूर्ख बरा होता.”

मला फार लाज वाटते, अल्विन. पडद्यामागे बस म्हणून तुला लिहिलं त्याची तर सगळ्यात जास्त.

तू येऊ नकोस. मी बोलावत नाही. चोवीस तारखेला मी काय करणार ते मला अजून माहीत नाही. आजारपणाचं नाटक करून पळ काढावा असं सकाळी वाटतं, आणि दुपारी वाटतं की आता पुरे.

रॉय


क्लीथॉर्प्स, २५ ऑगस्ट २०१९

अल्विन,

तुझं काही उत्तर आलं नाही, येऊ नये हेच बरोबर होतं. तरी काल काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितोय.

हॉल खच्चून भरला होता. सुट्टीचा शनिवार, त्यात ऊन. समुद्र ओहोटीनं गेला होता पार क्षितिजापाशी, त्यामुळे लोकांना दुसरं करण्यासारखंही काही नव्हतं. बाहेर बाकावर चादर घातलेली. मॉअरबाईंनी टोपी घालून भाषण केलं, त्यात ‘आवाज’ हा शब्द अकरा वेळा आला. ग्लिनिस बेस गळ्यात अडकवून उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिनं एवढंच सांगितलं होतं की तू बोललास तर मी वाजवेन, नाही बोललास तर माईक मी घेईन.

मी मफलर काढला आणि म्हणालो, “हे गाणं मी गायलेलं नाही. अल्विन डाउस गायला. मी ड्रम वाजवायचो.”

मग सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या.

आपल्या लोकांचं तुला माहीतच आहे. इथे माणूस ‘मी काही केलं नाही हो’ म्हणाला की सगळ्यांना खात्री पटते, यानंच केलं. मी म्हटलं, “खरंच सांगतो.” टाळ्या वाढल्या. मी जागा बदलल्याचं सांगितलं, ऑड्रीच्या फोनचं सांगितलं, बिस्किटाचं सांगितलं. बिस्किटाला सगळ्यात मोठा हशा. पहिल्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, “एवढं नाव झालं, पण गर्व म्हणून नाही.” मॉअरबाई माईकवर येऊन म्हणाल्या, “यालाच आम्ही मोठेपणा म्हणतो!” अल्विन, आयुष्यात पहिल्यांदा मी भर सभेत खरं बोलत होतो आणि माझी किंमत दर वाक्याला वाढत होती.

मी ग्लिनिसकडे पाहिलं. ती म्हणाली, “गा.”

“काय?”

“गाऊन दाखव त्यांना. पटेल.”

मग मी गायलो. ‘दार वाजवू नका, समुद्र बाहेर गेलाय.’ मिस लीकनी शिकवलेलं सगळं वापरलं, श्वास पोटातून, हनुवटी वर. पहिल्या ओळीला हॉल गप्प झाला. दुसऱ्या ओळीला मागे एक मूल रडायला लागलं आणि मिसेस टेझलनी पर्स कानाशी धरली. तिसऱ्या ओळीला मॉअरबाईंनी मान वळवून त्यांच्या ह्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा संसार होता त्या नजरेत, आणि तो बिचारा खांदे उडवत होता. चौथ्या ओळीला मागून कुणीतरी ओरडलं, “अरे बाबांनो, खरं बोलतोय हा!”

बस. पटलं सगळ्यांना.

त्यानंतर जे झालं ते काही गोड नव्हतं. शिट्ट्या झाल्या. “लबाड!” म्हणून एकजण ओरडला, त्याची दोन्ही पोरं माझ्याकडे गाडी शिकलीत. कुणाच्या तरी हातातले व्हिनेगर घातलेले चिप्स माझ्या कोटावर आले. मला उभं राहवेना. बसायला मंचावर एकच जागा होती, भाड्यानं आणलेल्या ड्रममागची, म्हणून मी तिथे जाऊन बसलो. काठ्या तिथेच होत्या. ग्लिनिसनं माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवातीचे चार ठोके वाजवायला मान हलवली.

आम्ही दोघांनी वाजवायला घेतलं. मध्ये माईक मोकळा. पहिलं कडवं तसंच गेलं, नुसता बेस आणि ड्रम. लोक बघत होते, आपसात कुजबुजत होते. ध्रुवपदापाशी मिस लीक उभ्या राहिल्या, लोकांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले, चर्चमध्ये करतात तसे. आणि लोक गायले रे. राग तसाच ठेवून गायले, निम्मे बेसूर, पण सगळे शब्द सगळ्यांना येत होते. तुझे शब्द. माईकपाशी कुणीही आलं नाही.

मला रडू आलं. झांज समोर होती म्हणून दिसलं नाही.

बाकावरची चादर काढली नाही. पट्टीचं काय करायचं यावर नगरपालिकेत बैठक आहे. आज सकाळपासून पाचजणांनी गाडीची शिकवणी रद्द केली. मिसेस टेझल मात्र वेळेवर आल्या. म्हणाल्या, “मला तुमचं गाणं कधी नव्हतंच आवडत, मी ब्रेकसाठी येते.”

आई दहा वर्षांपूर्वीच गेली. ती नाही हे बरं झालं, असं काल वाटलं. घरी आल्यावर वाटलं, असायला हवी होती. तिलाही सांगायला हवं होतं.

मला तुझ्याकडून काही नको.

रॉय पिंचबेक
ड्रम, म्युनिसिपल स्वॉन्स


क्लीथॉर्प्स, १६ सप्टेंबर २०१९

प्रिय अल्विन,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र, पाकिटात घातलेलं. पोस्टमनला फार वाईट वाटलं.

म्हणजे तुमच्या बेटावरच्या दुकानातल्या बाईनं मोबाईलवर तुला तो हॉलमधला प्रकार दाखवला तर. दीड पान तू माझी खरडपट्टीच काढलीयस. पहिल्या ओळीपासून मी अर्धा सूर खाली होतो. ‘समुद्र’वर श्वास घेतला, तो ‘बाहेर’च्या आधी घ्यायचा असतो. आणि शेवटच्या कडव्यात ठेका पळवला. सगळं मान्य. ठेका तर मी १९८५ पासून पळवतोय, तेव्हा तू सभ्यपणापायी काही म्हणायचा नाहीस.

मला माफ केलंस असं पत्रात कुठेही नाही. मी दोनदा वाचलं. ग्लिनिसनंही चष्मा लावून वाचलं, ती म्हणाली, “नाहीये, शोधू नकोस.” फोनबद्दल तू एकच ओळ लिहिलीयस, की त्या दुपारी मी तुझ्या दारात उभा असताना तुला वाटलं होतं की मी आणखी काहीतरी बोलणार आहे. त्या ओळीवर मी आठवडाभर अडकलोय. होतो रे बोलणार. तू चहा विचारलास आणि मी चहा प्यायलो.

आणि मग सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं : तुमच्या हॉलात शुक्रवारी नाच असतो. दोन फिडल, एक अकॉर्डियन, आणि गातोस तू. गेली सव्वीस वर्षं गातोयस, सगळ्यांसमोर, पुढे उभा राहून, आणि बेटावरची माणसं तुला रस्त्यात थांबवून गाण्यांची फर्माईश करतात. हे मला माहीतच नव्हतं. मी आपला तुला कुठेतरी एकटा, मेंढरांत बसलेला समजत होतो. वाचून मी एवढ्यानं हसलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

‘ड्रमवाला म्हातारा आहे, ऑपरेशनला मुलीकडे ॲबर्डीनला गेलाय,’ असं लिहिलंयस. ‘तात्पुरता कुणीतरी हवाय. तू चालशील असं मी म्हणत नाही. बघावं लागेल.’

आगगाडीचं आणि दोन्ही बोटींचं तिकीट काढलंय. मिसेस टेझलना ग्लिनिसच्या हवाली केलं, दोघी एकमेकींना पुरून उरतील. गुरुवारी दुपारच्या बोटीनं पोचतो.

धक्क्यावर लोक असतील, नवा माणूस दिसला की विचारतीलच, हा कोण म्हणून. तूच सांग. जे सांगायचं असेल ते सांग. मी तोंड उघडणार नाही.

रॉय